मॅक्रो माझ्याकडे चालतो, तिच्याकडे का चुकतो?

महिनावार जमाखर्चाची एक एक्सेल फाईल मी सहा वर्षं सांभाळते आहे. नोंदींची सीएसव्ही फाईल (स्वल्पविरामांनी तुकडे पाडलेला साधा मजकूर) आत घ्यायची, तारीख बघून प्रत्येक नोंद त्या त्या महिन्यात टाकायची आणि बेरजा काढायच्या, एवढं काम तिच्यातला मॅक्रो, म्हणजे फाईलमध्येच लिहिलेला छोटा प्रोग्रॅम, करतो. मी रजेवर असताना एका सहकारी मैत्रिणीनं तो तिच्या कॉम्प्युटरवर चालवला. कुठलीही एरर आली नाही. एकूण बेरीज तंतोतंत जुळली. महिन्यांच्या बेरजा मात्र चुकल्या होत्या, आणि ते आमच्या लक्षात यायला दोन महिने गेले. ५ एप्रिलची नोंद ४ मे होऊन बसली होती. १३ एप्रिलपासून पुढच्या सगळ्या नोंदी जागच्या जागी होत्या.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली: कोडला हात लावायच्या आधी दोन्ही कॉम्प्युटरांची माहिती कागदावर शेजारी-शेजारी मांडायची. कोड तोच आहे, म्हणजे फरक भोवतालच्या सेटिंगमध्ये आहे. तो दिसण्याआधीच दुरुस्ती करायला बसलात, तर चांगल्या ओळीही बिघडवाल.

यासाठी फाईलमध्येच एक छोटा मॅक्रो ठेवा, जो एका शीटवर एवढंच लिहील: ॲप्लिकेशन-व्हर्जन, ॲप्लिकेशन-बिल्ड (व्हर्जनच्या आतला नेमका क्रमांक), ऑपरेटिंग सिस्टिम, फाईलचा पाथ, कॅल्क्युलेशन आपोआप की मॅन्युअल, आणि ॲप्लिकेशन-इंटरनॅशनलकडून तारखेचा क्रम, दशांश चिन्ह व लिस्ट सेपरेटर (यादीतले भाग वेगळे करणारं चिन्ह). तारखेच्या क्रमासाठी ० आलं तर महिना आधी, १ आलं तर दिवस आधी, २ आलं तर वर्ष आधी. व्हर्जनवर एकट्यावर विसंबू नका. एक्सेल २०१६, २०१९, २०२१ आणि ३६५ हे सगळे १६.० असंच सांगतात, म्हणून बिल्ड हवाच. आमच्या दोन कागदांवर बाकी सगळं सारखं होतं. तारखेच्या क्रमासमोर माझ्याकडे १ होता, तिच्याकडे ०.

आता तारखांकडे या, कारण इथेच सर्वांत जास्त नुकसान होतं आणि तेही आवाज न करता. सीडेट हे फंक्शन मजकुराची तारीख करताना विंडोजच्या रीजन सेटिंगकडे बघतं. महिना आधी असलेल्या कॉम्प्युटरवर ते ०५/०४ म्हणजे ४ मे समजतं. १३/०४ मध्ये तेरावा महिना नसतो, तेव्हा तक्रार न करता ते क्रम उलटवतं आणि १३ एप्रिल देतं. त्यामुळे महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांच्या नोंदी बिघडतात आणि बाकीच्या बरोबर राहतात. ०४/०४ तर दोन्हीकडून बरोबरच. वरवर चाळणाऱ्याच्या नजरेला नेमक्या त्या बरोबर नोंदीच पडतात.

उपाय असा: तारीख मजकूर म्हणून वाचा, स्प्लिट फंक्शननं तिरप्या रेघेवर तिचे तीन तुकडे करा आणि तारीख बनवणाऱ्या डेटसिरियल फंक्शनला वर्ष, महिना, दिवस या क्रमानं द्या. मग रीजन काहीही असो. तारखेचा मजकूर तसाच सेलमध्ये लिहू नका. व्हीबीएमधून, म्हणजे मॅक्रो ज्या भाषेत लिहितात तिच्यातून, सेलला मजकूर दिला की एक्सेल तो अमेरिकी पद्धतीनं वाचायला जातं. डेटसिरियलनं बनवलेली खरी तारीखच सेलला द्या.

सीएसव्हीची तर आणखी एक गंमत आहे. हातानं उघडली की तारखा बरोबर, मॅक्रोनं उघडली की उलट्या. मॅक्रोत फाईल उघडणारं वर्कबुक्स-ओपन अमेरिकी पद्धत धरतं. त्याला लोकल हा पर्याय ट्रू दिला की ते कॉम्प्युटरचं सेटिंग मानतं, पण मग पुन्हा प्रत्येक कॉम्प्युटरवर वेगळं. म्हणून मी सीएसव्ही एक्सेलकडून उघडवतच नाही. ओळ ओळ मजकूर वाचते आणि तुकडे स्वतः करते. चार ओळी जास्त लिहाव्या लागतात, तरी माझ्या मते हाच रस्ता धरावा.

एरर देऊन थांबणाऱ्या अडचणी मला त्यामानानं सोप्या वाटतात. ‘कान्ट फाइंड प्रोजेक्ट ऑर लायब्ररी’ असं येऊन लेफ्ट किंवा ट्रिमसारखा साधा शब्द निळा झाला, तर त्या शब्दाचा काही दोष नाही. व्हीबीए एडिटरमध्ये टूल्स, मग रेफरन्सेस उघडा आणि मिसिंग लिहिलेली ओळ शोधा. बहुधा तुमच्याकडे असलेली एखादी लायब्ररी (तयार कोडचा संच) तिथे नसते. ती टिक काढा, व्हेरिएबल ऑब्जेक्ट म्हणून जाहीर करा आणि क्रिएटऑब्जेक्टनं बनवा. मात्र रेफरन्स गेला की त्या लायब्ररीचे ठरलेले शब्दही, म्हणजे आकड्यांना दिलेली नावंही, जातात. आउटलुकमध्ये अपॉइंटमेंटसाठीच्या शब्दाची किंमत १ आहे. मॉड्यूलच्या डोक्यावर ऑप्शन एक्स्प्लिसिट (प्रत्येक व्हेरिएबल आधी जाहीर करायला लावणारी ओळ) नसेल, तर तो शब्द रिकामा, म्हणजे ० धरला जातो, आणि अपॉइंटमेंटऐवजी कोरी मेल तयार होते. म्हणून ऑप्शन एक्स्प्लिसिट प्रत्येक मॉड्यूलमध्ये हवंच, आणि शब्दाच्या जागी आकडा लिहा.

डिक्लेअरच्या ओळी (विंडोजची फंक्शनं वापरायला घेणाऱ्या) लाल झाल्या, तर तिथलं ऑफिस ६४ बिटचं आहे. फाईल, अकाउंट, अबाउट एक्सेलमध्ये ते दिसतं. डिक्लेअरनंतर पीटीआरसेफ घाला आणि विंडोजचे हँडल किंवा पॉइंटर (ओळखक्रमांक किंवा मेमरीतले पत्ते) जिथे लाँग या आकड्यांच्या प्रकारात ठेवले असतील तिथे लाँगपीटीआर करा. सगळेच लाँग बदलू नका. हे दोन्ही शब्द ऑफिस २०१० पासून आहेत.

‘सबस्क्रिप्ट आउट ऑफ रेंज’, एरर ९, हिनं माझी एक अख्खी दुपार घेतली. वर्कबुकचं नाव मी एक्स्टेन्शनशिवाय लिहिलं होतं. विंडोजमध्ये एक्स्टेन्शन लपवलेलं असेल तिथे ते चालतं, दाखवलेलं असेल तिथे अडतं. पूर्ण नाव सगळीकडे चालतं. वर्कबुक्स १ असंही लिहू नका. ज्यांच्याकडे पर्सनल मॅक्रो वर्कबुक (एक्सेलबरोबर आपोआप उघडणारी लपलेली फाईल) आहे, त्यांच्याकडे पहिली फाईल तीच असते. मॅक्रो ज्या फाईलमध्ये आहे तिच्यासाठी धिसवर्कबुक लिहा.

फाईल वनड्राइव्हमध्ये असेल, तर धिसवर्कबुकचा पाथ फोल्डरऐवजी वेबपत्ता देऊ शकतो आणि डिर हे फाईली शोधणारं फंक्शन त्यावर अडखळतं. मॅक्रोची फाईल डिस्कवरच्या साध्या फोल्डरमध्ये ठेवा. छपाईची मांडणी ठरवणाऱ्या पेजसेटअपच्या ओळींवर अडलं, तर त्या कॉम्प्युटरला प्रिंटर जोडलेला आहे का ते आधी बघा. मॅक्रो सुरूच होत नसेल आणि फाईल मेलनं किंवा डाउनलोड करून आली असेल, तर प्रॉपर्टीजमध्ये अनब्लॉकवर टिक करा. २०२२ पासून मायक्रोसॉफ्ट इंटरनेटवरून आलेल्या फाईलींतले मॅक्रो मुळातच अडवतं. अर्थात अनब्लॉक करायचं ते फाईल कुणी पाठवली याची खात्री असेल तरच.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. व्हीबीए एडिटर युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरं सामावणारी पद्धत, वापरत नाही. कोडमध्ये शीटचं नाव ‘जमा’ लिहिलंत की त्याची प्रश्नचिन्हं होतात. शीटला तिच्या कोडनेमनं (टॅबवरच्या नावापेक्षा वेगळं, एडिटरमधलं नाव) हाक मारा, मराठी संदेश एका लपवलेल्या शीटच्या सेलमध्ये ठेवा आणि तिथून वाचा. मेसेजबॉक्स तेही नीट दाखवत नाही, म्हणून मी युझरफॉर्मवरच्या (स्वतः बनवलेल्या खिडकीतल्या) लेबलमध्ये दाखवते.

दुरुस्ती झाली की फाईल परत पाठवायच्या आधी मी माझ्याच कॉम्प्युटरचं रीजन अमेरिकी इंग्रजी करते, एक्सेल बंद करून पुन्हा उघडते आणि १ ते १३ एप्रिलच्या तेरा नोंदींची चाचणी फाईल चालवते. प्रत्येक नोंदीची रक्कम वेगळी ठेवली आहे, म्हणजे एखादी दुसऱ्या महिन्यात गेली तर कोणती ते बेरजेवरूनच कळतं.