जुन्या इमारती पाहताना नजर वर ठेवावी

आपल्याच शहराच्या जुन्या मध्यवस्तीत निवांत फेरफटका मारताना बहुतेकांची नजर तळमजल्यावरच अडकते, आणि नेमका तोच मजला दुकानांच्या पाट्यांमुळे व नव्या काचांमुळे सर्वाधिक बदललेला असतो. म्हणून रस्त्याच्या पलीकडच्या पदपथावर उभे राहून वरचे मजले पाहावेत. मूळ खिडक्या, कमानी आणि बांधकामाचे वर्ष कोरलेला दगड बहुधा तिथेच टिकून असतो. वेळ सकाळची किंवा कलत्या उन्हाची निवडावी, कारण तिरप्या प्रकाशात कोरीवकामाच्या सावल्या लांबतात आणि भर दुपारी सपाट वाटणारी भिंत उठून दिसते.

दर्शनी भिंतीवर लोखंडी चकती किंवा चांदणी दिसली, तर ती केवळ शोभेची समजू नये. बहुतेकदा ते आतून मजल्याच्या पातळीवर ओढलेल्या लोखंडी सळईचे टोक असते आणि बाहेर झुकू पाहणाऱ्या भिंतीला ते धरून ठेवते.

विटांच्या भिंतीजवळ मात्र अगदी जवळ जावे. पोर्टलंड सिमेंटचे पहिले पेटंट 1824 सालचे असल्याने त्यापूर्वीच्या भिंतींचे सांधे बहुधा चुन्याचे असतात. चुन्यातून ओल बाहेर पडते. पुढे कोणी त्यावर सिमेंटची डागडुजी केली, की ती ओल विटेतच कोंडते आणि विटेचे पापुद्रे सुटू लागतात. चांगल्या हेतूने केलेले हे नुकसान एकदा ओळखता आले, की ते जागोजागी दिसू लागते.