नवा अ‍ॅम्प्लिफायर घेताय? आधी त्याची पाठ बघा, आणि या चुका टाळा

गणपती पंधरा दिवसांवर आले की माझा फोन वाजायला लागतो. मी राहतो गिरगावात, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांचा लॅमिंग्टन रोड तिथून पायी पंधरा मिनिटं. एवढ्या एकाच पात्रतेवर गावाकडच्या गोतावळ्याने मला अ‍ॅम्प्लिफायरचा जाणकार ठरवून टाकलंय. "येताना एक चांगला अ‍ॅम्प घेऊन ये, आवाज दणदणीत पाहिजे." स्पीकर कुठले, खोली केवढी, वाजवणार काय, यातलं अवाक्षरही नाही. नाहीतर अ‍ॅम्प ऑनलाइन मागवून झालेला असतो आणि फोन येतो तो थेट तक्रारीचाच.

जवळपास दुकान नाही, ऐकून बघायची सोय नाही, ही अडचण खरीच आहे. पण दरवर्षी माझ्यापर्यंत येणाऱ्या निम्म्याहून अधिक चुका नुसतं नीट बघून टळल्या असत्या. लोक पुढचा फोटो बघतात. निळा दिवा, चकचकीत नॉब, हलणारे काटे. मागच्या बाजूचा फोटो कोणी मागत नाही, आणि कामाचं बहुतेक सगळं तिथेच छापलेलं असतं.

परदेशातून आलेला अ‍ॅम्प

माझा मावसभाऊ देवगडला असतो. त्याचा जावई न्यू जर्सीत. सासऱ्यांना गाण्याचा शौक म्हणून जावयाने बॅगेतून आठ किलोचा अ‍ॅम्प आणला. प्रेमाने आणला, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पाठीवर वायरीच्या शेजारी स्वच्छ लिहिलं होतं: १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. वायरीला चपट्या पिना होत्या. आमच्या भावाने त्या कापल्या, इकडचा थ्री-पिन टॉप बसवला आणि बटण दाबलं.

फ्यूज उडाला. खरं तर अ‍ॅम्पने तिथे हात जोडून सांगितलं होतं की बाबा, हे मला झेपणार नाही. पण गावात फ्यूज उडाला की तार लावायची, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत.

"दादा, कसलो तरी वास येता."

"तू केलंस काय?"

"फ्यूज उडलो, म्हणान तार लावलंय."

१२० व्होल्टच्या वाइंडिंगला आपले २३० व्होल्ट दिले की ट्रान्सफॉर्मरचा गाभा संपृक्त होतो, तो भलताच करंट ओढतो आणि दुसऱ्या बाजूलाही दुपटीच्या आसपास व्होल्टेज जातं. ट्रान्सफॉर्मर जळला. मोठे कॅपॅसिटर फुगून त्यांच्या डोक्यावर टेंगळं आली, एका चॅनेलचे आउटपुट ट्रान्झिस्टर गेले. भाऊ ते धूड गोणपाटात गुंडाळून कोकणकन्येने घेऊन आला. लॅमिंग्टन रोडच्या एका गल्लीतल्या वाइंडिंगवाल्याने ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टसाठी नव्याने गुंडाळून दिला, त्याला तीन आठवडे लागले. बाकीचे पार्ट, मजुरी, भावाच्या दोन खेपा. तेवढ्या पैशांत इथल्या वॉरंटीचा साधा नवा अ‍ॅम्प आला असता.

तेव्हा पाठीवरचा आकडा वाचा. अमेरिकेचा माल १२० व्होल्टचा, जपानच्या बाजाराचा १०० व्होल्टचा. काही अ‍ॅम्पना मागे व्होल्टेज बदलायचा स्विच असतो, पण सरसकट नसतो. स्विच नसेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावावा लागतो. मागे जेवढे वॅट लिहिलेत त्याच्या दुप्पट क्षमतेचा मी घेतो. दुकानदार म्हणेल तेवढाच पुरे, त्याचं ऐकायचं नाही. शिवाय स्टेप-डाउनने व्होल्टेज उतरतं, आपले ५० हर्ट्झ काही ६० होत नाहीत. ६० हर्ट्झसाठी बेताचा बांधलेला ट्रान्सफॉर्मर इथे जास्त तापतो. माझं मत विचाराल तर जावयाला रेकॉर्ड प्लेयरची सुई आणायला सांगा. खिशात मावते आणि तिला व्होल्टेज लागत नाही.

आणि फ्यूज उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा आणा. दोन रात्री गाण्याशिवाय काढल्या तर कोणी मरत नाही.

वॅटचा हव्यास

हा माझा दुसरा दुखरा दात. नव्वदीत टू-इन-वनवर पीएमपीओचे, म्हणजे क्षणभराच्या कमाल वॅटचे, हजारांतले आकडे छापून यायचे. त्या आकड्याला काही अर्थ नव्हता आणि आजही नाही. अमेरिकेत तर वॅटच्या या फुगवाफुगवीला आळा घालायला १९७४ साली सरकारला नियम करावा लागला होता. आपल्याकडे खोक्यावर वाटेल ते छापतात आणि आपण ते वाचून खूश होतो.

संगमेश्वरच्या एका दोस्ताने तळहाताएवढा अ‍ॅम्प मागवला. खोक्यावर ३०० अधिक ३०० वॅट. तक्रार अशी की आवाज वाढवला की फाटतो. मी म्हटलं, अ‍ॅम्प राहू दे, सोबत आलेल्या अ‍ॅडॅप्टरचा फोटो पाठव. लॅपटॉपला असतो तसाच होता: १९ व्होल्ट, ४.७४ अँपिअर. गुणाकार करा, ९० वॅट. आडात ९० असताना पोहऱ्यात ६०० कुठून येणार? वाटेतली घट धरली तर दोन्ही चॅनेल मिळून ऐंशीच्या आसपास, म्हणजे एका बाजूला चाळीस. वाईट नव्हेत हो चाळीस वॅट! पण त्याने तीनशे समजून अंगणात लग्नाच्या जेवणावळीला लावला होता.

किती वॅट लागतात ते घरबसल्या काढता येतं. स्पीकरच्या कागदावर सेन्सिटिव्हिटी दिलेली असते, समजा ८७ डेसिबल. म्हणजे १ वॅट दिला की १ मीटरवर ८७ डेसिबल आवाज. दहा बाय बाराच्या खोलीत अडीच मीटरवर बसलात तर दोन स्पीकर मिळून त्या १ वॅटमध्ये ऐंशीच्या वर आवाज होतो. घरात भजन, नाट्यसंगीत, बातम्या यांना एवढाही लागत नाही. जोर लागतो तो पखवाजाच्या थापेला, एखाद्या अचानक उसळणाऱ्या ठेक्याला. तिथे क्षणभर दहापट, कधी त्याहून जास्त मागणी येते. म्हणून प्रामाणिक ३० ते ५० वॅट बहुतेक घरांना पुरतात. ५० चे १०० केले तर फरक पडतो फक्त ३ डेसिबलचा. कानाला दुप्पट वाटायला दहापट वॅट लागतात. नॅड कंपनीचा ३०२० हा अ‍ॅम्प १९७८ मध्ये आला तो अवघ्या २० वॅटचा होता, आणि जुनी माणसं अजून त्याचं नाव काढतात.

आकडा वाचताना चार गोष्टी सोबत छापल्यात का बघा: किती ओहमला (म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा रोध किती धरून), दोन्ही चॅनेल एकदम चालू असताना का, २० ते २०,००० हर्ट्झच्या पूर्ण पट्ट्यात की फक्त १,००० हर्ट्झला, आणि विकृती, म्हणजे आवाजाची मोडतोड (डिस्टॉर्शन), किती टक्के. '१० टक्के विकृतीला' असं बारीक अक्षरात लिहिलेलं असेल तर तो फाटक्या आवाजाचा वॅट आहे. नुसताच मोठा आकडा छापून खाली काहीच नसेल तर मी पुढचं पान उघडतो.

रेकॉर्ड प्लेयर आणि टीव्ही

आजोबांच्या रेकॉर्ड सापडल्या की पहिला उत्साह प्लेयर घेण्याचा. मग तो ऑक्समध्ये, म्हणजे अ‍ॅम्पच्या साध्या इनपुटमध्ये, खुपसायचा आणि "आवाज मुंगीसारखा येतो" म्हणून मला फोन. नेहमीच्या एमएम (मूव्हिंग मॅग्नेट) सुईतून निघतात ५ मिलिव्होल्टच्या आसपास, सीडी प्लेयरमधून २ व्होल्ट. चारशेपट फरक. शिवाय रेकॉर्डची खाच कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला आणि वरचे सूर चढवलेले असतात, ते पूर्ववत करायचं काम फोनो इनपुट करतं. म्हणून अ‍ॅम्पच्या पाठीवर 'फोनो' लिहिलेली जोडी आणि शेजारी ग्राउंडचा स्क्रू शोधा. आता उलटी चूक: हल्लीच्या पुष्कळ प्लेयरमध्ये फोनो आतच बसवलेला असतो. तो चालू ठेवून वायर पुन्हा फोनोमध्येच लावली तर आवाज बोंबलतो, फाटतो. प्लेयरच्या मागे छोटा स्विच असतो, तो एकदा बघा.

टीव्हीचं तसंच. नव्या टीव्हीला बरेचदा लाल-पांढऱ्या आउटपुटच्या जागी ऑप्टिकल किंवा एचडीएमआय एआरसी (टीव्हीचा आवाज बाहेर देणारं एचडीएमआय) असतं. अ‍ॅम्पला यातलं काय आहे ते पैसे भरायच्या आधी बघायचं असतं. ऑप्टिकल लावूनही आवाज नसेल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये पीसीएम, म्हणजे साधा डिजिटल आवाज, निवडा. साध्या स्टिरिओ अ‍ॅम्पला टीव्हीचा डॉल्बी सिग्नल कळत नाही.

मंडपवाल्याकडचा जुना अ‍ॅम्प

"स्वस्तात देतोय रे!" देणारच. त्याच्या पाठीवर १०० व्होल्ट लाइनचं टर्मिनल असतं, ते खांबावरच्या कर्ण्यांसाठी, जिथे वायर फर्लांगभर ओढायची असते. घरचे ८ ओहमचे स्पीकर तिथे जोडले तर त्यांचे बारा वाजतात. त्याच अ‍ॅम्पला ८ ओहमचं वेगळं टर्मिनल असतं, पण ते बघायला पुन्हा मागेच जावं लागतं.

अ‍ॅम्पवरची स्पीकरची ए आणि बी ही दोन्ही बटणं दाबून चार स्पीकर वाजवणाऱ्यांनी एवढंच लक्षात ठेवावं की ८ आणि ८ ओहम समांतर जोडले की ४ होतात. पाठीवर 'ए अधिक बी: किमान १६ ओहम', म्हणजे प्रत्येक स्पीकर किमान १६ चा, असं लिहिलेलं असेल तर ती विनंती नसते.

यूट्यूबवरचं ऐकणं

अ‍ॅम्पचा आवाज त्यांच्या माइकने टिपला, त्यांच्या खोलीसकट. मग तो दाबून अपलोड झाला आणि तुम्ही फोनच्या स्पीकरवर ऐकलात. त्यावरून 'मिड्स (मधले सूर) किती उबदार' हे ठरवणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही. त्या व्हिडिओंचा एकच उपयोग: पाठीमागचा भाग नीट दिसतो, तिथे थांबवून वाचायचं.

दुकानात ऐकायचा योग आलाच तर दोन्ही अ‍ॅम्पचा आवाज सारखा करून ऐका. जरासा मोठा वाजणारा नेहमी सरसच वाटतो आणि हे विकणाऱ्याला आपल्याआधी ठाऊक असतं.

हम येतोय म्हणून अर्थची पिन तोडणारे

यांना मी खरोखर रागावतो. हम, म्हणजे स्पीकरमधली सततची घूं, बहुधा डिशच्या वायरीतून किंवा दोन ठिकाणी अर्थ झाल्यामुळे येतो. अ‍ॅम्पच्या मागची एकेक वायर काढत जा. जी काढल्यावर हम थांबला, तिथे दोष. अर्थची पिन जिवासाठी आहे.

गावाकडची वीज मी मल्टीमीटरने मोजून घ्यायला सांगतो, तीही संध्याकाळी सातला, घरोघरी दिवे आणि पंप चालू असताना. २३० च्या दहा टक्के खाली-वर असेल तर चालतं. दिवसाला तीनदा १७० वर जात असेल तर आधी स्टॅबिलायझर, मग अ‍ॅम्प.

स्पीकरची वायर साध्या इलेक्ट्रिकच्या दुकानातली घ्या, १.५ किंवा २.५ चौरस मिलिमीटर, अस्सल तांब्याची. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त वायरीत बरेचदा अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. तारेचा एक धागा जरी शेजारच्या टर्मिनलला टेकला तरी अ‍ॅम्प गप्प बसेल, नाहीतर कायमचा. खर्ज अचानक गायब वाटला तर एका स्पीकरची लाल-काळी उलटी लागलेली असते.

दमट हवा आणि विणलेला रुमाल

काचेच्या शोकेसमध्ये कोंडलेला अ‍ॅम्प, वर विणलेला रुमाल, त्यावर फुलदाणी. तापलेल्या जाळीवर रुमाल घालणाऱ्याला अ‍ॅम्प किती दिवस टिकेल ते मी सांगत नाही. वर वीतभर जागा मोकळी ठेवा. किनाऱ्यावर मिठाची हवा आतल्या कनेक्शनना खाते. मी पावसाळ्यात एक दिवसाआड तरी अर्धा तास अ‍ॅम्प चालू ठेवतो, ऐकायचं नसलं तरी. शास्त्र म्हणा, सवय म्हणा, पण माझा नॉब अजून खरखरत नाही. खरखरलाच तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा. खोबरेल तेल घालणारा एक महाभाग मी पाहिलाय.

खोका

फेकू नका. थर्माकोलसकट पोटमाळ्यावर टाका. ट्रान्सफॉर्मरचा अ‍ॅम्प जड असतो, गोणपाटात किंवा साड्यांत गुंडाळून पार्सल केला तर वाटेत बोर्ड तडकतो. पार्सल आलं की फोडतानाचा व्हिडिओ काढा, परत करायची मुदत किती दिवसांची ते त्याच दिवशी बघा आणि मुदत संपायच्या आत सगळी इनपुट एकदा तरी वाजवून बघा. माझी बायको दर दिवाळीला विचारते, हे रिकामे खोके कशाला? मावसभावाचा दुरुस्त अ‍ॅम्प देवगडला परत न्यायची वेळ आली तेव्हा माझ्याच अ‍ॅम्पचा खोका त्याला दिला. त्याला आता चार वर्षं झाली. दर गणपतीला मी जातो, खोका त्यांच्या ओटीवर असतो, आणि त्यात त्यांनी कोकमं भरून ठेवलेली असतात.