तवा सगळीकडे सारखा तापतो का, हे पिठाने कसे तपासावे

घावन मधोमध करपते आणि कडेला पांढुरकेच राहते, तेव्हा दोष तव्याचा की शेगडीचा हे ठरवायला मूठभर मैदा पुरतो. ही परीक्षा सपाट तव्याची आहे. खोलगट तव्यावर पीठ मध्याकडे घसरते.

तवा घासून पूर्ण कोरडा करावा, कारण तेलाचा ओशटपणा राहिलेल्या जागी पीठ आधी काळे पडते. मग तो पालथा घालून बुडावर स्टीलची पट्टी उभी धरावी. पट्टीखालून उजेड दिसला, तर बूड वाकलेले आहे. आता थंड तवा बर्नरच्या बरोबर मध्यावर ठेवून, गॅस पेटवण्यापूर्वीच, चाळणीने मैद्याचा इतका पातळ थर भुरभुरावा की तवा जेमतेम झाकला जाईल. खिडकी उघडी ठेवून मध्यम आच द्यावी आणि पिठाला हात न लावता पाहत राहावे. पातळ स्टीलच्या तव्यावर बहुधा ज्वालांच्या वरच तांबूस कडे उमटते आणि कडेचे पीठ पांढरे राहते, तर जाड ॲल्युमिनियमवर रंग बराच सारखा चढतो. ॲल्युमिनियम स्टेनलेस स्टीलपेक्षा सुमारे 15 पट अधिक सहज उष्णता वाहून नेते.

एका परीक्षेवर तव्याला दोष देणे मात्र अन्यायाचे आहे. तवा निववून, पुसून, दांडा पाव फेरा फिरवून तीच कृती पुन्हा करावी. काळा डाग दांड्याबरोबर सरकला तर खोट तव्यात आहे. ओट्याच्या त्याच बाजूला राहिला तर बर्नरच्या छिद्रांत उतू गेलेले दूध किंवा डाळ अडकली असण्याचा संभव अधिक. गार बर्नर काढून छिद्रे टाचणीने मोकळी करावीत.

बिडाच्या तव्याला वेगळा न्याय लावावा. तो उष्णता सावकाश पसरवतो, पण धरून ठेवतो, आणि भाकरी तव्यावर पडते तेव्हा तो चांगला तापलेला असतो. म्हणून तो मंद आचेवर दहा मिनिटे तापवून, गॅस बंद करूनच पीठ भुरभुरावे, कारण हवेत उडालेले पीठ ज्वालेवर पेट घेऊ शकते. तरीही मध्य आणि कड यांत मोठा फरक दिसला, तर बर्नर तव्याच्या मानाने लहान आहे. असा तवा मोठ्या बर्नरवर, पण मंद आचेवरच वापरावा.

नॉनस्टिक तव्यावर आच मंदच ठेवावी आणि पीठ तांबूस होताच गॅस बंद करावा. सुमारे 260 अंश सेल्सिअसच्या पुढे त्याचा लेप बिघडू लागतो.