व्हिडिओ कॉल नकोसा होतो? या चुका टाळा

व्हिडिओ कॉलचा वैताग आला की लोक आधी कॅमेऱ्याकडे वळतात. नवा वेबकॅम, नवा लाइट, मागची भिंत धूसर. दुखणं बहुतेक वेळा आवाजात असतं.

समोरासमोरच्या गप्पांत एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी 200 मिलिसेकंद जातात. कॉलवर आवाज पोचायलाच तेवढा वेळ लागला, की दोघं एकदम बोलतात, एकदम गप्प होतात आणि ‘बोला, तुम्ही बोला’ सुरू होतं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत एका दिशेचा उशीर 150 मिलिसेकंदांच्या आत चांगला मानला आहे, 400 च्या पुढे नकोच. उशीर करतं नेट, पण तुटक वाटतो समोरचा माणूस.

त्यात भर घालतो ब्लूटूथ हेडसेट. त्याचा स्वतःचा उशीर असतोच. शिवाय त्याचा माइक चालू झाला की बरेच हेडसेट कॉलच्या मोडमध्ये जातात आणि आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. वायरचा इयरफोन लावा. ब्लूटूथच हवा असेल तर सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा निवडा, हेडसेट फक्त ऐकायला ठेवा.

आवाज तुटत असेल तर राउटरला लॅन केबल जोडा, क्लाउड बॅकअप थांबवा. तरीही तुटला तर व्हिडिओ बंद करा: 720पी चित्राला सेकंदाला साधारण 1.2 मेगाबिट लागतात, आवाजाचं 100 किलोबिटमध्ये भागतं.

स्वतःचाच आवाज परत ऐकू येतोय? मग आपला माइक तपासत बसू नका. दुसऱ्या कुणाच्या तरी स्पीकरमधून तुमचा आवाज त्याच्याच माइकमध्ये शिरतोय. एकेकाला म्यूट करत जा. ज्याच्या म्यूटने प्रतिध्वनी थांबला, त्याला इयरफोन लावायला सांगा. एका खोलीत दोन लॅपटॉप असतील तर माइक आणि स्पीकर एकाचेच चालू ठेवा.

आता चित्र. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या जेरेमी बेलेन्सन यांनी 2021 मध्ये व्हिडिओ कॉलने येणाऱ्या थकव्याची चार कारणं मांडली: अगदी जवळून सतत रोखलेल्या नजरा, सारखा दिसणारा आपलाच चेहरा, एका जागी जखडलेपण, आणि हावभाव पोचवण्या-वाचण्याची जास्तीची मेहनत. तासभर आरसा समोर धरून कोण बोलतं? झूममध्ये आपल्या चौकटीवरच्या तीन टिंबांतून ‘हाइड सेल्फ व्ह्यू’ निवडा. मात्र त्याआधी चौकट नीट लावून घ्या, कारण इतरांना तुम्ही दिसतच राहता. कॉलची विंडो पूर्ण पडद्यावर पसरू देऊ नका. ती लहान करून कॅमेऱ्याच्या लगेच खाली आणा, म्हणजे बोलताना नजर खाली झुकल्यासारखी दिसणार नाही. पाठीमागे उजेडाची खिडकी नको. चेहरा काळा पडतो.

आणि ज्या बैठकीत दाखवायला काहीच नाही, ती साध्या फोनवर घ्या, उठून चालत चालत.