वारंवार तोंड येत होतं, टूथपेस्ट बदलल्यावर थांबलं

ओठाच्या आतून आणि जिभेच्या कडेला पांढरट, लाल काठाचे फोड. एक बसला की दुसरा हजर. वांग्याचा रस्साही झोंबायचा. बी-कॉम्प्लेक्स, जाईचा पाला, तुरटीच्या गुळण्या, सगळं झालं. वैताग आला होता.

आधी ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचली: सोडियम लॉरिल सल्फेट. फेस होतो तो यानं. तोंडाच्या आतल्या नाजूक त्वचेला हे काहींना चुरचुरतं, सगळ्यांना नाही. (ब्रश करून लगेच संत्र्याची फोड कडू लागते ना, तेही याचंच काम. आमच्या संत्र्यांच्या वरूडकडे हे पोरंही जाणतात.) मग हे नसलेली, पण फ्लोराइड असलेली पेस्ट तालुक्याच्या मेडिकलमधून आणली, घटक काउंटरवरच वाचून. नुसतं ‘हर्बल’ पाहून घेऊ नका, त्यातही हे असू शकतं. वाटाण्याएवढी पेस्ट, मऊ ब्रश. फेस कमी येतो, दात तेवढेच साफ होतात. फोड हळूहळू यायचे थांबले. घरच्यांना त्रास नाही, ते जुनीच वापरतात.

सोडियम लॉरिल सल्फेटनं कॅन्सर होतो हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज मात्र निराधार. खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाणाऱ्यांनी पेस्ट बदलून वाट पाहत बसू नये. तीन आठवड्यांत न भरलेला फोड सरळ डॉक्टरांना दाखवा.