मराठी माध्यमाच्या मुलांसाठी इंग्रजी शब्द आणि पायाभूत व्याकरण: पाचवी ते आठवी

मराठी माध्यमात सहावी-सातवीत शिकणाऱ्या मुलाची इंग्रजीची वही उघडली, तर बहुधा एकच मांडणी दिसते: डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ आणि शेवटच्या पानांवर काळांचे तक्ते. शब्दार्थ तोंडपाठ असतात, तक्ते बिनचूक उतरवलेले असतात. पण 'काल पाऊस पडला म्हणून आम्ही खेळलो नाही' एवढे इंग्रजीत लिहायला सांगितले की तेच मूल अडते. कारण शब्द वाक्याबाहेर पाठ केलेले असतात आणि मराठी वाक्य इंग्रजीत नेताना नेमके कुठे बदलते, हे त्याला कोणी उकलून दाखवलेले नसते. पालकांना किंवा शिक्षकांना रोज वीस-पंचवीस मिनिटे देता आली, तर या दोन्ही उणिवा भरून काढता येतात. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झाली. त्याआधी मराठी माध्यमात शिकलेल्या बहुतेक पालकांची इंग्रजीशी गाठ पाचवीत पडली होती, त्यामुळे आपल्याला हे शिकवणे जमेल का, अशी धास्ती अनेकांना वाटते. ती बाळगण्याचे कारण नाही. मराठी चांगली येणाऱ्या पालकाजवळ या कामाचे अर्धे भांडवल आधीच असते.

येथील इंग्रजी उदाहरणे देवनागरीत दिली आहेत. मुलांनी मात्र ती वहीत रोमन लिपीतच लिहावीत, आणि इंग्रजी शब्दांखाली देवनागरीत उच्चार लिहिण्याची सवय पाचवीतच सोडावी, कारण ती असेपर्यंत डोळा मूळ अक्षरांवर ठरत नाही.

कोणते शब्द आधी शिकावेत?

फळे, भाज्या, प्राणी आणि पक्षी यांच्या लांबलचक याद्या पाठ करण्यात मुलांचा फार वेळ जातो. 'क्रोकोडाइल' हा शब्द वाचनात क्वचित येतो. 'बिकॉज', 'ऑल्वेज', 'इनफ', 'विदाउट', 'बिटवीन' हे शब्द मात्र पानोपानी येतात आणि तेच कच्चे राहतात. मायकेल वेस्ट हे इंग्रज शिक्षणतज्ज्ञ अविभाजित बंगालमध्ये, ढाक्यात, शिक्षक-प्रशिक्षणाचे काम करीत होते आणि बंगाली मुलांना इंग्रजी वाचता यावे, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. त्यांनी १९५३ साली वारंवार येणाऱ्या सुमारे २००० शब्दांची यादी प्रसिद्ध केली. साध्या इंग्रजी मजकुरातील दर पाच शब्दांपैकी साधारण चार शब्द या यादीतले असतात. रोज पाच शब्द, आठवड्यातून पाच दिवस आणि वर्षातून तीस आठवडे असा साधा हिशेब धरला, तरी वर्षाला ७५० शब्द होतात. म्हणजे तीन वर्षांत ही मजल गाठता येते. रोज वीस शब्द पाठ करायला लावणाऱ्या वर्गपाठापेक्षा हा वेग कमी वाटेल, पण त्या वीसपैकी पुढच्या सोमवारी किती उरतात, हे एकदा तपासून पाहावे.

मुलाला इंग्रजीतले शेकडो शब्द आधीच येत असतात, कारण ते आपल्या बोलण्यात रुळलेले आहेत: बस, तिकीट, चार्जर, रिक्षा स्टँड, ऑपरेशन, रेशन कार्ड. सुरुवातीच्या आठवड्यात मुलालाच असे शब्द गोळा करून रोमन लिपीत लिहायला सांगावे. भीती कमी करण्याचा याहून चांगला उपाय माझ्या पाहण्यात नाही. फक्त काही शब्दांचा अर्थ मराठीत सरकला आहे, तो सांगून ठेवावा. आपण हॉटेलात चहा प्यायला जातो, पण इंग्रजीत हॉटेल म्हणजे मुख्यतः मुक्कामाची जागा; आणि 'लाइट गेली' हे वाक्य इंग्रजीत 'देअर इज अ पॉवर कट' असे होते.

शब्दाची चिठ्ठी आणि पाच कप्पे

नवा शब्द सुटा लिहू नये. पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराच्या चिठ्ठीवर एका बाजूला मुलाच्या रोजच्या जगण्यातले मराठी वाक्य लिहावे आणि मागे त्याचे इंग्रजी वाक्य, नवा शब्द अधोरेखित करून. उदाहरणार्थ, पुढे 'मी मैत्रिणीकडून पट्टी मागून घेतली' आणि मागे 'आय बॉरोड अ रूलर फ्रॉम माय फ्रेन्ड'. या एका चिठ्ठीतून 'बॉरो' हा शब्द, त्याचे भूतकाळी रूप, त्यामागे येणारा 'फ्रॉम' आणि 'रूलर'च्या आधीचा 'अ' अशा चार गोष्टी एकदम मिळतात. दुसऱ्या दिवशी त्याची जोडी लिहावी: 'मैत्रिणीने मला पट्टी दिली', 'माय फ्रेन्ड लेन्ट मी अ रूलर'. 'बॉरो म्हणजे उसने घेणे, लेन्ड म्हणजे उसने देणे' एवढेच पाठ केलेले मूल परीक्षेत या दोघांची हमखास अदलाबदल करते. वाक्ये पाठ असलेले मूल सहसा करीत नाही.

चिठ्ठ्या ठेवण्यासाठी बुटांच्या खोक्यात पुठ्ठ्याचे पाच कप्पे करावेत. ही पद्धत झेबास्टियान लाइटनर या जर्मन लेखकाने १९७० च्या दशकात मांडली. नवी चिठ्ठी पहिल्या कप्प्यात जाते आणि रोज पाहिली जाते. मराठी वाक्य वाचून इंग्रजी वाक्य बिनचूक सांगता आले, तर ती दुसऱ्या कप्प्यात, जो दर तीन दिवसांनी उघडायचा. तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने आणि पाचवा महिन्याने. चुकली की चिठ्ठी पुन्हा पहिल्या कप्प्यात येते. हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवले होते की पाठ केलेली गोष्ट पहिल्या एक-दोन दिवसांत सर्वांत वेगाने विसरते आणि उजळणी अंतराअंतराने केली तर ती टिकते. चाचणीच्या आदल्या रात्री केलेली घोकंपट्टी चाचणीपुरतीच पुरते, त्याचे कारण हेच.

स्पेलिंगची अक्षरे एकेक करून घोकण्यापेक्षा शब्द गटाने लिहावेत. 'लाइट, नाइट, राइट, फाइट, टाइट' हे पाचही शब्द एकाच शेपटीचे आहेत. शेवटी न उच्चारला जाणारा ई लागला की आधीचा स्वर बदलतो, हे 'कॅप-केप', 'टॅप-टेप', 'पिन-पाइन', 'हॉप-होप', 'कब-क्यूब' या जोड्यांतून मूल दहा मिनिटांत पकडते.

व्याकरण मराठी वाक्याशी ताडून शिकवावे

पहिला फरक शब्दक्रमाचा आहे. मराठीत कर्ता, कर्म आणि शेवटी क्रियापद येते. इंग्रजीत क्रियापद कर्त्यामागोमाग येते. 'सीमा आंबा खाते' या वाक्याचे तीन शब्द तीन कागदांवर लिहून मुलाला ते हाताने हलवायला लावावेत, म्हणजे 'सीमा ईट्स अ मँगो' कसे तयार होते ते दिसते. याच वेळी हेही दाखवावे की 'टेबलावर' मधला 'वर' शब्दाच्या मागे चिकटतो, तर 'ऑन द टेबल' मध्ये 'ऑन' पुढे येतो आणि सुटा राहतो.

दुसरी, आणि सर्वांत चिवट, चूक म्हणजे 'आय ॲम गो टू स्कूल'. मुलाला 'आय'च्या मागे 'ॲम' लावायचीच सवय झालेली असते. येथे मराठीचा आधार घ्यावा: 'मी शाळेत जातो' मध्ये 'आहे' नाही, म्हणून 'आय गो', 'मी शाळेत जात आहे' मध्ये 'आहे' आहे, म्हणून 'आय ॲम गोइंग'. वाक्यात 'गो'सारखे क्रिया दाखवणारे क्रियापद असेल, तर त्याला 'इंग' असेल तरच 'ॲम, इज, आर' घ्यावे, एवढा नियम सहावीपर्यंत पुरतो. कर्मणी प्रयोग नंतर येईल तेव्हा त्यात भर घालता येते.

'तो जातो, ती जाते' असे मराठीत क्रियापद लिंगानुसार बदलते. इंग्रजीत दोन्हीकडे 'गोज'च. तेथे पाहायचे ते एवढेच की कर्ता 'ही, शी, इट' यांपैकी किंवा एखादे एकवचनी नाम आहे का. आदरार्थी बहुवचनाचाही येथे गोंधळ होतो. 'बाबा आले आहेत' असे बोलणारे मूल 'माय फादर आर' असे लिहिते, आणि त्यात त्याचा संस्कारच दिसतो. वडिलांसाठीही इंग्रजीत 'ही' आणि 'इज' येतात व त्यात अनादर नाही, हे त्याला मोकळेपणाने सांगावे. तसेच खुर्ची 'ती' आणि फळा 'तो' असला, तरी निर्जीव वस्तूला इंग्रजीत 'इट' म्हणतात.

मराठीत वाक्याच्या शेवटी 'का' लावला की प्रश्न होतो. इंग्रजीत साध्या वर्तमानकाळासाठी 'डू' किंवा 'डझ' आणि भूतकाळासाठी 'डिड' पुढे आणावा लागतो: 'ती खेळते का?' म्हणजे 'डझ शी प्ले?' येथे 'प्लेज'चा एस 'डझ'ने उचलून नेला, असे सांगितले की 'डझ शी प्लेज' ही चूक थांबते. 'डिड'चेही तसेच: भूतकाळ त्याने घेतला, म्हणून पुढे क्रियापद मूळ रूपात येते, 'वुई डिड नॉट प्ले', 'प्लेड' नव्हे.

आता ज्यासाठी वहीचे एक संपूर्ण पान राखून ठेवावे असा भाग. 'मला'ने सुरू होणारी मराठी वाक्ये इंग्रजीत अनेक वाटांनी फुटतात, आणि मराठी मुलाचे सर्वाधिक अडखळणे याच ठिकाणी असते, तरी कोणत्याही तक्त्यात ती एकत्र सापडत नाहीत. 'मला भूक लागली आहे' म्हणजे 'आय ॲम हंग्री'. 'मला ताप आला आहे' म्हणजे 'आय हॅव अ फीवर'. 'मला एक बहीण आहे' म्हणजे 'आय हॅव अ सिस्टर'. 'मला आंबे आवडतात' म्हणजे 'आय लाइक मँगोज'. 'मला पोहता येते' म्हणजे 'आय कॅन स्विम'. 'मला घरी जायचे आहे' म्हणजे 'आय वॉन्ट टू गो होम', आणि 'मला घरी जावे लागते' म्हणजे 'आय हॅव टू गो होम'. प्रत्येक ठिकाणी 'मला' जाऊन 'आय' येतो, म्हणजे ज्याला वाटते, हवे असते किंवा जमते, तोच इंग्रजीत कर्ता होतो. ही सात वाक्ये पक्की झाल्यावर 'मला'च्या जागी 'तिला' आणि 'आम्हाला' घालून ती पुन्हा लिहून घ्यावीत. 'शी हॅज अ फीवर' येथे 'हॅव'चे 'हॅज' होते, हे त्यातून आपोआप कळते. याच पानाच्या तळाशी 'पाऊस पडत आहे', 'थंडी आहे', 'पाच वाजले आहेत' ही वाक्ये लिहावीत. इंग्रजीत या तिन्हींना 'इट' हा कर्ता लागतो: 'इट इज रेनिंग', 'इट इज कोल्ड', 'इट इज फाइव्ह ओक्लॉक'.

उपपदांसाठी मराठीत जोड नाही, म्हणून तेथे धीर धरावा. 'अ' की 'ॲन' हे अक्षरावरून ठरत नाही, उच्चारावरून ठरते, म्हणून 'ॲन अवर' पण 'अ युनिव्हर्सिटी', एवढे आधी पुरे. 'द'च्या बारकाव्यांवर सातवीत फार वेळ घालवू नये. वाचनातून ते कान धरतो.

अनियमित क्रियापदे वर्णक्रमाने पाठ करणे कंटाळवाणे आणि निरुपयोगी आहे. 'कट, पुट, शट, हिट' ही तिन्ही रूपांत न बदलणारी. 'कीप-केप्ट, स्लीप-स्लेप्ट, स्वीप-स्वेप्ट' हा दुसरा गट. 'ब्रिंग-ब्रॉट, बाय-बॉट, थिंक-थॉट' हा तिसरा. 'सिंग-सँग-संग, ड्रिंक-ड्रँक-ड्रंक' हा चौथा. असे गट तालात मोठ्याने म्हणून घ्यावेत.

रोजची बैठक आणि तपासणी

पहिली दहा मिनिटे चिठ्ठ्या, पुढची पाच मिनिटे मोठ्याने वाचन आणि उरलेल्या वेळात त्या दिवशी घडलेल्या गोष्टींबद्दल मुलाची स्वतःची पाच वाक्ये, असा क्रम ठेवावा. वाचनासाठी चालू इयत्तेपेक्षा एक-दोन इयत्ता खालचे इंग्रजीचे पुस्तक घ्यावे. सातवीच्या मुलाला पाचवीचे पुस्तक अडखळल्याविना वाचता येते आणि त्यातच वाक्यरचना अंगवळणी पडते. बालभारतीची जुनी पुस्तके घरात नसतील, तर ती मंडळाच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात.

वाक्ये तपासताना सगळ्या चुका लाल शाईने रंगवू नयेत. एका आठवड्यात एकच प्रकार पाहावा, उदाहरणार्थ फक्त क्रियापदाचा एस, आणि बाकीच्या चुका त्या आठवड्यापुरत्या राहू द्याव्यात. चुकलेले वाक्य दहा वेळा लिहायला लावण्याऐवजी मुलाला त्याचे मराठी वाक्य शेजारी लिहायला सांगावे; बहुतेक वेळा चूक कुठून आली, ते त्याचे त्यालाच सापडते, आणि ते वाक्य नव्या चिठ्ठीवर उतरवून पहिल्या कप्प्यात टाकता येते.

आठवीच्या सुरुवातीला शब्दकोश पाहायला शिकवावे. शब्दकोशात क्रियापद मूळ रूपाखाली असते, म्हणून 'थॉट'चा अर्थ 'थिंक'खाली शोधायचा, हे आधी सांगावे. एका शब्दापुढे चार-पाच अर्थ दिलेले असतात, तेव्हा पहिलाच अर्थ न उचलता प्रत्येक अर्थ धड्यातील वाक्यात घालून पाहावा, आणि जो बसेल तोच त्या वाक्यासह चिठ्ठीवर लिहावा.