स्कोलिन आणि नागपूरचे दोन मोसम

मेडिकल असो, मेयो असो (नागपूरची दोन सरकारी रुग्णालयं) की रामदासपेठेतलं छोटं नर्सिंग होम, घाईने श्वासनलिकेत नळी घालायची वेळ आली की हात आधी स्कोलिनकडे, म्हणजे स्नायू सैल पाडणाऱ्या औषधाकडे जातो. सक्सामेथोनियम म्हणा, तेच ते. नागपुरात मात्र दोन मोसमांत हा हात आवरावा लागतो: मे महिन्यात आणि कपाशीच्या फवारणीत.

स्कोलिन 2 ते 8 अंशांत ठेवायचं. फ्रीजबाहेर 14 दिवस चालतं, पण तो हिशेब 25 अंशांच्या खोलीचा आहे. बाहेर 45 अंश आणि रात्री ऑपरेशन थिएटरमधला एसी बंद, अशा ठिकाणी तो धरू नका. उष्णता वाढली की औषधाचं विघटनही वाढतं. रोज सकाळी फ्रीजच्या थर्मामीटरवरचा कमाल आकडा वाचा, रात्री वीज गेली होती का ते तोच सांगतो. बाहेर काढलेल्या वायलवर (औषधाच्या बाटलीवर) तारीख टाका. अट्राक्युरियम आणि रोक्युरोनियम ही स्नायू सैल पाडणारी दुसरी औषधंही फ्रीजमध्येच. त्याच जातीच्या व्हेक्युरोनियमची भुकटी बाहेर टिकते, म्हणून तिची एक वायल जादा असू द्या.

60 किलोच्या माणसाला किलोला 1 ते 1.5 मिग्रॅ, म्हणजे 60 ते 90 मिग्रॅ. 50 मिग्रॅ प्रति मिलीच्या वायलमधून हे 1.2 ते 1.8 मिली होतं. मिनिटभरात अंगभर स्नायू फडफडून जबडा सैल पडायला हवा. काहीच झालं नाही तर आधी सलाईनची सुई शिरेत आहे का बघा, मग वायलवर संशय घ्या. लगेच दुसरा डोस मारला तर नाडी एकदम मंदावू शकते, लहान मुलांत विशेष. नाडी वाढवणारं अट्रोपिन सिरिंजमध्ये भरलेलं हवं. जबडा उलट कडक झाला तर मॅलिग्नंट हायपरथर्मिया (भुलीच्या औषधाने अंगाचा ताप जीवघेणा चढणं) मनात आणा.

आता फवारणी. स्कोलिनला तोडतं ते रक्तातलं कोलिनएस्टरेज हे एन्झाइम, आणि ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकं नेमकं तेच बंद पाडतात. मग 5 ते 10 मिनिटांचं काम तासन्‌तास लांबतं. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेल्या विषबाधा सगळ्यांना आठवतात, पण फसवणूक होते ती अपेंडिक्सला आलेल्या शेतकऱ्यात. ऑगस्ट ते ऑक्टोबर प्रत्येकाला विचारा: काय फवारलं, कधी? जमलं तर नातेवाइकांना कीटकनाशकाचा डबा आणायला सांगा. श्वास परत यायला वेळ लागलाच तर व्हेंटिलेटर आणि झोपेचं औषध चालू ठेवा. हे औषध फक्त स्नायू थांबवतं, शुद्ध हरपत नाही. इतर स्नायू-शिथिलकांचा अंमल उतरवणारं निओस्टिग्मिन इथे देऊ नका, अंमल आणखी वाढेल.

अशा वेळी रोक्युरोनियम 1.2 मिग्रॅ प्रति किलो. 60 किलोला 72 मिग्रॅ, म्हणजे 50 मिग्रॅची एक वायल पुरत नाही. दोन आधीच उघडून ठेवा. साधारण मिनिटभरात नळी जाते, पण अंमल तासभर किंवा त्याहून जास्त टिकतो. नळी गेली नाही तर तातडीची सुटका रोक्युरोनियमचा अंमल उतरवणाऱ्या सुगामाडेक्सने, 16 मिग्रॅ प्रति किलो. 60 किलोला 960 मिग्रॅ होतात, म्हणजे 200 मिग्रॅच्या पाच वायल. इतकं कपाटात नसेल तर तो बेत कागदावरच राहिला. आणि सुगामाडेक्स अट्राक्युरियमवर चालत नाही.

विषबाधा नसलेल्या रुग्णात रोक्युरोनियम किंवा अट्राक्युरियमचा अंमल उतरवताना ट्रेन ऑफ फोरचे (मज्जातंतूला विजेचे चार झटके देऊन स्नायू बघण्याच्या चाचणीचे) चारही ठोके परत आल्याशिवाय निओस्टिग्मिन नको. 60 किलोला 3 मिग्रॅ, सोबत नाडी मंदावू न देणारं ग्लायकोपायरोलेट 0.6 मिग्रॅ, परिणाम भरात यायला 10 मिनिटं लागतात. नळी काढायची ती चौथ्या ठोक्याचं पहिल्याशी गुणोत्तर 0.9 झाल्यावर, आणि ते यंत्रावर मोजून. हाताला ठोके सारखे वाटले तरी गुणोत्तर 0.4 च्या आसपास असू शकतं. डोकं पाच सेकंद उचललं यावरही विसंबू नका.

वॉर्डात पाठवण्याआधी कॅन्युला (शिरेतली सुई) आणि थ्री-वे (तिला जोडलेली तीन तोंडांची तोटी) सलाईनने धुवा. तिथे अडकलेलं थोडं औषधही नर्सच्या पुढच्या इंजेक्शनबरोबर आत जातं आणि रुग्णाचा श्वास खाटेवर थांबतो.